ट्रोपोनिन 6, लेफ्ट मेन 80 टक्के

लॅबमधले सकाळचे कंट्रोल, म्हणजे मशीन बरोबर चालतंय का ते बघायचे नमुने, लावून झाले होते, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला. "मॅडम, मघाचा ट्रोपोनिन परत लावता का? पेशंटकडे बघून पटत नाहीये."

ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅक पकडायची रक्ततपासणी. रिपोर्ट होता 6 नॅनोग्रॅम प्रति लिटर. आमच्या किटची पुरुषांसाठीची मर्यादा 34. ट्यूब उजेडात धरून पाहिली. सीरम स्वच्छ पिवळं, हिमोलिसिसची (फुटलेल्या लाल पेशींची) लाली नाही, फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) धागा नाही. परत लावला, पुन्हा 6. तीन तासांनी दुसरा नमुना आला, 7.

पेशंट पन्नाशीच्या आतला. साखर नाही, सिगारेट नाही, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 104. आधी जिना चढताना छाती आवळायची, आता अंघोळ करतानाही. दुखणं नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल. एवढ्यावर कुणीही घरी पाठवलं असतं, पण कॅज्युअल्टीतली रजिस्ट्रार हटून बसली. दुपारी तिच्यासमोरच त्याला दुखलं आणि तिनं तेव्हाच ईसीजी काढला. बऱ्याच लीडमध्ये आलेखाचा एसटी हा भाग खाली गेलेला, एव्हीआर या लीडमध्ये मात्र वर; म्हणजे हृदयाच्या मोठ्या भागाला रक्त कमी पडतंय. हे चित्र बघून कार्डिओलॉजिस्ट थांबत नाहीत.

कॅथ लॅबमध्ये, जिथे अँजिओग्राफी करतात, मीही जाऊन उभी राहिले. लेफ्ट मेन, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी, 80 टक्के बंद, पुढे तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक, ब्लॉक किती किचकट ते मोजणारा सिंटॅक्स स्कोअर 37. बत्तीसच्या वर म्हणजे गुंतागुंतीचा आजार. कार्डिओलॉजिस्टनी लगेच बायपासच्या सर्जनना बोलावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या लॅबनं तर क्लीन चिट दिली होती!"

लॅबनं तसलं काही दिलं नव्हतं. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूपेशीत असतो. पेशीला इजा झाली की रक्तात उतरतो. वाहिनी कितीही अरुंद असो, स्नायू अजून तग धरून असेल तर ट्रोपोनिन फारसा वाढत नाही. याच्या उलट, त्याच सकाळी डायलिसिसच्या एका पेशंटचा ट्रोपोनिन 64 आला होता, काही तासांनी 66. आकडा मोठा, पण जागचा हलला नाही, म्हणजे ताजा अटॅक नव्हे. एकटा आकडा बघून धावाधाव करणाऱ्यांना मी हे सांगून थकले आहे.

दरवर्षी एखादा रेसिडेंट थिसिससाठी येतोच: सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) आणि सिंटॅक्स, नाहीतर न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशो (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण) आणि गेन्सिनी स्कोअर (ब्लॉक मोजायची आणखी एक पद्धत). संबंध निव्वळ योगायोग नाही असं सुचवणारी पी व्हॅल्यू बऱ्याचदा छान येते. पण आलेख काढला की ठिपके एकमेकांत इतके मिसळलेले असतात की समोर बसलेल्या एका माणसाच्या वाहिन्यांबद्दल त्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. साध्या सर्दीतापानंही सीआरपी चढतो.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. इतक्या कमी वयात, एवढ्याशा एलडीएलवर इतका आजार? वडील बेचाळिसाव्या वर्षी अटॅकनं गेल्याचं केसपेपरवर होतं. सीरम शिल्लक होतं. कार्डिओलॉजिस्टना विचारून त्यावर लायपोप्रोटीन-ए लावला. आला 142 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. पन्नासच्या वर जास्त धरतात. एलडीएलच्याच कणाला आणखी एक प्रथिन जोडलेलं असतं, तो हा कण. त्याची पातळी मुख्यतः जनुकांवर ठरते. पथ्यानं फारशी हलत नाही, कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या औषधानं, स्टॅटिननंही, उतरत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो वेगळा दिसत नाही, म्हणून या माणसाच्या जाडजूड फाइलमध्ये तो कधीच नव्हता.

बायपास व्यवस्थित पार पडलं. पुढच्या आठवड्यात मुलगा नमुना द्यायला आला. "उपाशीपोटी यायचं होतं का?" म्हणाला. म्हटलं, या तपासणीला गरज नाही, आणि बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच पुरते. त्याचा आकडा 118. आकडा खाली आणायचं औषध लिहून देण्यासारखं नव्हतं, म्हणून कार्डिओलॉजिस्टनी बाकीचं सगळं आवळलं: एलडीएलचं टार्गेट खाली, बीपीवर नजर, सिगारेट आजपासून बंद. सिगारेटचं ऐकून तो जरा कुरकुरला. मग रिपोर्टची आणखी एक प्रत मागून घेतली, बहिणीला पाठवायला.