नवेगावबांधच्या धुऱ्यांवरचे खेकडे: रंगावर जाऊ नका

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडे खेकडे बघायला निघाला असाल, तर 'रंगावरून तीन जाती दाखवतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. साकोलीहून एका गाडीवाल्याने आमच्याकडून जाण्यायेण्याचे दोन हजार घेतले आणि वर 'जाती दाखवण्याचे' पाचशे. दाखवलं काय, तर एकाच धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बिळांतून काढलेले लालसर, काळपट आणि फिकट असे तीन खेकडे. शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणी (लावणी) करणाऱ्या काकांनी तिन्हींकडे बघून सांगितलं, "भाऊ, एकच खेकडा हाय हा. टरफल टाकलं का पांढरा पडते." त्यांचं म्हणणं मला पटतं. नुकती कात टाकलेला खेकडा मऊ आणि फिकट असतो. जुन्या कवचावर चिखल आणि शेवाळ बसतं, त्यामुळे तो काळपट दिसतो.

रंगावरून जात ओळखण्याची ही कल्पना समुद्रातल्या काही खेकड्यांबाबत खरी आहे. पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे ट्रॅपेझिया खेकडे आकाराने इतके सारखे असतात की जिवंतपणीचा रंग हीच त्यांची मोठी खूण ठरते. त्यांच्यातल्या रुफोपंक्टाटा या जातीवर लाल ठिपके असतात, फ्लेवोपंक्टाटावर पिवळे डाग, तर सेप्टाटावर जाळीसारख्या रेषा. मद्यार्कात ठेवले की हे रंग उडतात. त्यामुळे संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांनी अभ्यासकांना बराच काळ गोंधळात टाकलं.

गोड्या पाण्यात हे चालत नाही. बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलारिस आणि गुएरिनी ही गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या जातींची नावं महाराष्ट्रात सर्रास ऐकू येतात, पण नुसत्या पाठीच्या फोटोवरून ती ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खेकडा उलटा करा. पोटाची झडप अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. जात ठरते ती नराच्या झडपेखालच्या प्रजननाच्या पायांच्या पहिल्या जोडीवरून. मादीच्या झडपेखाली अंडी किंवा पिल्लं दिसली तर तिला लगेच सोडा. इथे पिल्लं अळीच्या अवस्थेतून जात नाहीत, थेट छोटे खेकडे होऊनच बाहेर पडतात.

आता वाटेतला वाईट पट्टा. रस्त्यापासून बोडीच्या (छोट्या तलावाच्या) सांडव्यापर्यंतचा धुरा दिसायला जेमतेम अर्धा किलोमीटर आहे, पण पावसानंतर तो नरक होतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, दोन्ही बाजूंना रोवलेलं धान असल्यामुळे बाजूला पाय टाकता येत नाही आणि अंधार पडला की मण्यार निघते. गमबूट आणि डोक्याची बॅटरी असल्याशिवाय जाऊच नका. आम्ही संध्याकाळी गेलो आणि परत येताना मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो. पहाटे जा. तलाव, पक्षी, गेस्ट हाऊस, सगळं ठीक आहे.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत कशालाही हात लावू नका. बाहेर शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. खेकडा पाण्याने धुऊन पाठ, पोट आणि तोंड असे तीन फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा आणि त्याच बिळापाशी सोडा. बीळ मात्र खणू नका. धुरा फुटला की बांधीतलं पाणी वाहून जातं आणि माणसाची रोवणी अडते. पाचशे रुपये द्यायचेच असतील तर ज्याच्या धुऱ्यावरून चाललात त्याला द्या.