त्या दोन रेघा

एक सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर, घ्यायचा म्हणून बघत होतो. त्यावर पूर्ण पांढरा स्क्रीन लावला आणि दोन बारीक आडव्या रेघा दिसल्या. सोबतचा मित्र लगेच म्हणाला, "सोड रे, खराब आहे हा."

अरे खराब नाहीये! यातल्या ट्रिनिट्रॉन या सोनीच्या पिक्चर ट्यूबमध्ये उभ्या तारांची जाळी असते, ती थरथरू नये म्हणून आडव्या बारीक तारा ताणलेल्या असतात, त्यांचीच ती सावली.

मी तो १९ इंची सीआरटी अर्धा तास तापू दिला, मग अगदी नाक लावून कोपऱ्यातली अक्षरं बघितली, लाल-निळी कड सुटत नाही ना, आणि ८५ हर्ट्झवर (सेकंदाला ८५ वेळा चित्र नव्याने) फ्लिकर, म्हणजे स्क्रीनची लुकलुक, थांबतोय ना. खरी पारख तिथे. अक्षरं एकदम कोरीव!

घेतला. पण ते "सोड रे" डोक्यातून जातच नाहीये, निव्वळ त्या दोन रेघांपायी किती चांगले मॉनिटर भंगारात गेले असतील?