टेनेसी कोनफ्लॉवर: तिसरा उन्हाळा

जुलैचा दुसरा आठवडा. अकरांपैकी सात रोपं फुलली! मागच्या वर्षी सगळी मिळून दोन फुलं होती.

हे फूल मूळचं अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं, नॅशव्हिल शहराच्या आसपासच्या जेमतेम तीन काउंट्यांमधलं (म्हणजे जिल्ह्यांमधलं), तेही सीडर ग्लेडवरचं. ग्लेड म्हणजे आपला कोकणातला सडाच. जांभ्याच्या जागी चुनखडीचा कातळ. वर मातीचा पातळ थर, हिवाळ्यात पाणी साचणार, उन्हाळ्यात तवा तापणार. एकेकाळी हे फूल नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा सापडलं, १९७९मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेलं आणि २०११मध्ये त्या यादीतून सुखरूप बाहेर आलं.

आधीची खेप माझ्याच हाताने गेली. झेंडूला घालते तसं भरपूर शेणखत घातलं. रोपं माजली आणि पावसात बुडाशी कुजली. नऊच्या नऊ. या खेपेला बिया ओलसर वाळूत कालवून दहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्या, वाफ्यात चुनखडीची खडी आणि वाळू, खत अजिबात नाही. सोटमूळ खोल जातं, म्हणून रोपं लहान असतानाच कायमच्या जागी लावली.

अंगणातला नेहमीचा जांभळा कोनफ्लॉवर मात्र उपटून लांबच्या मैत्रिणीला दिला. जीवावर आलं, पण दोघांचा संकर सहज होतो आणि मग बी शुद्ध राहत नाही.

आता मधमाश्या. सकाळी सव्वासहाला वाफ्यापाशी बसले होते. फुलांची तोंडं बहुतेक पूर्वेकडे, पाकळ्या खाली न लोंबता किंचित वर उचललेल्या. तीन फुलांवर लांब मिशांच्या रानमाश्यांचे नर रात्रभर झोपलेले, पंख दवाने चिकटलेले. ऊन पोचलं तशी पोटं धपापू लागली, मिशा पुसून झाल्या आणि एकेक उडाला. नऊच्या सुमारास माद्या आल्या. पराग फुलाच्या मधल्या शंकूच्या बाहेरच्या कडेपासून ओळीओळीने वर चढत जातो. त्या नेमक्या त्याच ओळीवरून गोल फिरतात. मागच्या पायांची लव पिवळीधमक होते. मी चहा गार होईपर्यंत बघत राहिले.

दोन बोंडांना मलमलीची पिशवी बांधून बी धरणार, बाकीची गोल्डफिंच पक्ष्यांसाठी. वाळलेले दांडे हिवाळाभर उभे ठेवून वसंतात गुडघ्याएवढे छाटेन. लहान माश्या त्यांत घरटी करतात. उरलेल्या चार रोपांना अजून कळी नाही, पानं मात्र ताठ आहेत.