जोड दिसता कामा नये

बावीस वर्षं मी नाशकात एका साप्ताहिकाच्या पेस्टिंग टेबलावर बसलो. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापायचं, मागून रबर सोल्यूशन लावायचं, पट्टी धरून सरळ चिकटवायचं. पानाची निगेटिव्ह आली की काचेखालचा दिवा लावून जोडाच्या रेघा ओपेकने, म्हणजे उजेड अडवणाऱ्या रंगाने, बुजवायच्या. पगार खरा त्या रेघा बुजवण्याचा.

परवा भाचीने माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराचं पुस्तक आणलं. म्हणाली, "मामा, ही कादंबरी आहे." बघतो तर १८२ चित्रं, मजकूर जवळपास नाहीच. जुन्या भडक कादंबऱ्यांतली चित्रं कापून जोडलेली, म्हणजे कोलाज. सुटाबुटातल्या गृहस्थाला सिंहाचं डोकं. एका भागात घरात पाणी शिरलंय आणि बाई पलंगावर निवांत झोपलीय. आपल्याकडे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की सराफ बाजार दुकानं आवरायला लागतो!

भाची सिंह बघत होती, मी त्याची मान. भिंग लावलं, तरी जोड सापडेना. रेघांची जात एकच, आणि ब्लॉक (धातूचा ठसा) करून छापल्यावर कागदाची कड दिसत नाही. मग म्हटलं, हा आपल्याच बिरादरीतला.

जन्म १८९१, कोलोनजवळच्या ब्र्यूलचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. १९१९ मध्ये एका पावसाळी दिवशी शिकवण्याच्या साधनांचा कॅटलॉग हाती पडला आणि कात्री चालू झाली, असं त्यानेच लिहिलंय. १९२२ ला पॅरिस. चित्रांची पहिली कादंबरी १९२९ ची. तिच्या नावाचा फ्रेंच उच्चार 'शंभर डोक्यांची बाई' असाही ऐकू येतो आणि 'बिनडोक्याची' असाही. पुढे १९५४ मध्ये व्हेनिसला मोठं बक्षीस वगैरे.

भाचीने आणलेलं पुस्तक त्याने १९३३ मध्ये इटलीत तीन आठवड्यांत उरकलं. सात वारांचे सात भाग काढायचे होते. पहिले चार फारसे खपले नाहीत, म्हणून उरलेले तीन वार पाचव्यात कोंबले. शेवटच्या पानात मजकूर कोंबत मीही कित्येक रात्री काढल्यात.

कोलाज मीही एकदा केलंय. घाईत, बुधवारी रात्री. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या चौकटीत दशक्रियेच्या जाहिरातीतल्या आजोबांचा फोटो गेला. वर 'उदंड आयुष्य लाभो'. सकाळी दोन्हीकडची माणसं ऑफिसात. मालक माझ्यावर ओरडत होते आणि मी अंक हातात घेऊन बघत होतो. जोड अजिबात दिसत नव्हता.