तिसरा फटका

त्या रात्री मी लाठीचे तीन फटके मारले. पहिल्या दोन फटक्यांबद्दल मला कुणी फारसं विचारलं नाही. तिसऱ्याबद्दल मात्र आठ महिने विचारत होते, आणि खटला उभा राहील तेव्हा पुन्हा विचारतील.

मी पोलीस हवालदार आहे. नोकरीला २१ वर्षं झाली. गावाचं, ठाण्याचं, कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे. पण बळाचा वापर, स्वसंरक्षण, चौकशी हे शब्द पेपरात वाचणाऱ्याला ते आतून कसं असतं हे कळत नाही, आणि खात्यात नव्याने आलेल्या पोरांना ते वेळेवर कुणी सांगत नाही. म्हणून लिहितोय.

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, त्यामुळे ठाण्यातली निम्मी माणसं बंदोबस्ताला. रात्रगस्तीवर मोटरसायकलने मी आणि एक शिपाई, भरती होऊन जेमतेम तीन वर्षं झालेला. तो मला मेजर म्हणतो. आमच्यात हवालदाराला मेजरच म्हणतात. पावणेदोनच्या सुमारास ११२ चा कॉल आला, बाजारपेठेच्या मागे एक जण कोयता घेऊन दुकानांच्या शटरवर मारत सुटलाय. आम्ही दोन मिनिटांवर होतो. आम्हाला बघताच तो बोळात पळाला आणि आम्ही त्याच्या मागे.

चूक इथे झाली आणि ती माझी होती. वॉकीवर कंट्रोलला सांगायला हवं होतं की बोळात शिरतोय, दुसरी गाडी पाठवा. दहा सेकंदांचं काम. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, ते डोक्यावर असायला हवं होतं. डोक्यात एकच, हा निसटेल. निसटला असता तरी सकाळी सापडला असता. रेकॉर्डवरचा होता, राहायलाही तीन गल्ल्या सोडून. आमच्या ठाण्यात तुकाराम ओंबळे साहेबांचा फोटो आहे. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नुसत्या लाठीवर असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली. त्या फोटोसमोर आम्ही सगळे मान झुकवतो. पण ओंबळे साहेबांना त्या क्षणी दुसरा मार्गच नव्हता. मला होता.

बोळाच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता. तो टेम्पोच्या आडून उलटा फिरला आणि पुढे असलेल्या शिपाई पोराच्या डोक्यावर कोयता आला. पोराने डावा हात वर घेतला. उसाच्या फडात येतो तसला आवाज झाला. मी लाठी घातली ती त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली. कोयता सुटला नाही. त्याने तो माझ्यावर उगारला. दुसरा फटका त्याच हातावर बसला आणि कोयता गटाराच्या फरशीवर खणकन पडला. मग तो वाकला. मी तिसरा फटका मारला, मनगटाजवळ. तो मटकन खाली बसला. माझी लाठी पुन्हा वर गेली होती. ती वरच राहिली.

सगळं मिळून सहा-सात सेकंद.

खंडाळ्याच्या प्रशिक्षण केंद्रात लाठी ड्रिलला आमचे उस्ताद घसा फोडून ओरडायचे, "डोकं नाही, मान नाही, छाती नाही! हात नाहीतर पाय!" तेव्हा ती नुसती कवायत वाटायची. त्या रात्री विचार करायला वेळ नव्हता, पण लाठी हातावरच गेली. उस्तादांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, कारण तोच फटका डोक्यात बसला असता तर एक माणूस जिवानिशी गेला असता.

पोराच्या हाताला माझा रुमाल आवळून बांधला, १०८ बोलावली आणि मग कंट्रोलला कळवलं. कोयत्याला हात न लावता त्याच्या शेजारी उभा राहिलो. तपासाला एक तरुण महिला उपनिरीक्षक आल्या. पंच म्हणून लॉजचा वॉचमन आणि पहाटे दूध घेऊन आलेला एक जण मिळाला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हापासून जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. मॅडमनी मोबाईलवर पुरावे चित्रित करायचं ई-साक्ष्य ॲप उघडलं आणि प्रत्येक वस्तू टॉर्चच्या उजेडात घेतली. गटाराकडेच्या चिखलात आरोपीची एक स्लीपर रुतून बसली होती, निळ्या पट्ट्याची, उजव्या पायाची. माझा जीव सगळा दवाखान्यात. मी म्हटलं, "मॅडम, आवरा आता." त्या म्हणाल्या, "दोनच मिनिटं, हवालदार. स्लीपर आणि कोयता यांच्यातलं अंतर घेऊ दे." टेप लावली. अडीच फूट. मला तेव्हा ते अति वाटलं.

पोराला १४ टाके पडले आणि बोटं उघडणारे दोन टेंडन तुटले होते. साडेचारला मी फिर्याद द्यायला बसलो. लिहून घेणारा माझ्याच बॅचचा. तिसऱ्या फटक्यापाशी त्याने पेन थांबवलं. "दोनच लिहू का? कोयता पडला तिथे विषय संपवू. तिसरा कुणी बघितलाय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मला सांभाळायला बघत होता. आणि खरं सांगतो, मी क्षणभर गप्प बसलो. पण मला त्या रात्रीतला तिसराच फटका सगळ्यात स्पष्ट आठवत होता. तो गाळला तर मला बाकीचंही नीट सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "तीन लिही. आणि तो वाकला होता, हेही लिही." खुनाचा प्रयत्न, सरकारी कामात हल्ला, शस्त्र अधिनियम आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५ अशी कलमं लागली.

अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी करावीच लागते. त्याच्या उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत, मग मारणारा पोलीस असो की आणखी कोणी. दुसऱ्या दिवशी रिमांडला न्यायाधीशांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का. तो म्हणाला, "आहे. हातात काही नसताना मारलं." प्लास्टर समोर दिसतच होतं. न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं आणि कागद मागवले.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. कोपऱ्यावरच्या मेडिकलचा कॅमेरा. कुणीतरी त्यातला छोटा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर सोडला, कोयता पडल्याच्या नंतरचा. टेम्पोमुळे दोघंही कमरेच्या वरच दिसतात. रिकाम्या हाताचा माणूस वाकतो आणि पोलीस त्याला मारतो, बस. माझी मुलगी दहावीला होती. रात्री जेवताना तिने विचारलं, "पप्पा, त्याच्या हातात खरंच काही नव्हतं का?" मी म्हटलं, "नव्हतं. कोयता पायाशी होता." तिने मान हलवली, पण ताटाकडेच बघत राहिली. पुढचे आठ महिने जे काही भोगलं, त्यात हे सगळ्यात जड होतं.

मला मुख्यालयात संलग्न केलं आणि प्राथमिक चौकशी दुसऱ्या उपविभागाच्या डीवायएसपींकडे, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांकडे दिली. तेव्हा मला राग आला होता. आपल्या हद्दीतली माणसं सोडून परक्या अधिकाऱ्यासमोर का उभं करता, असं वाटलं. आज मला तेच योग्य वाटतं. २००६ मध्ये वर्सोव्यात झालेली एक चकमक खोटी ठरली आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांना शिक्षा दिली, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पीयूसीएल (मानवी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात चकमकींसाठी १६ निर्देश दिले, त्यात तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा असं सांगितलंय. माझं प्रकरण लाठीचं होतं, बंदुकीचं नव्हतं. पण माझ्याच ठाण्याने मला निर्दोष म्हटलं असतं तर आरोपीच्या आईने ते का मानावं?

ती आई मला सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. मी पोराला तपासणीला घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "साहेब, त्यानं केलं ते वाईटच केलं. पण तो रंगकाम करतो. हात सरळ होईल का, तेवढं सांगा." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाकावर माझ्या शेजारी पोराचा हात, समोर त्याच्या आईचा प्रश्न. मी उठून तिला बसायला जागा दिली, एवढंच.

डीवायएसपी साहेबांपुढे माझा जबाब तीन बैठकांत झाला. दोन बैठका तिसऱ्या फटक्यावर गेल्या. साहेबांच्या टेबलावर भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याचं पुस्तक होतं. त्यांनी कलम ३७ वाचून दाखवलं, बचावासाठी लागते त्याहून जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही. मग कलम ४०, धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. "म्हणजे हवालदार, प्रश्न एवढाच आहे. कोयता पडल्यावर तुमची भीती संपली होती का?"

"नाही साहेब. तो कोयत्याकडे वाकला."

"कोयत्याकडे, की दुखलं म्हणून?"

"मला कोयत्याकडे वाटलं. त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही."

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राग होता?"

या प्रश्नाची तयारी मला वकिलांनी करून दिली नव्हती. पोराचं रक्त माझ्या शर्टवर उडालेलं होतं. मी म्हटलं, "होता साहेब. पण तो वाकला नसता तर मी मारलं नसतं. तो बसल्यावर राग तेवढाच होता, आणि मी मारलं नाही."

त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग मेडिकलचं पूर्ण फुटेज लावलं, प्रमाणपत्रासह मागवलेलं. त्यात माझी वर गेलेली लाठी दिसते. ती तशीच हळूहळू खाली येते. व्हॉट्सॲपवरच्या तुकड्यात नेमकं तेच नव्हतं. शेवटी पंचनाम्याचं चित्रीकरण लावलं. टॉर्चचा उजेड, चिखल, निळी स्लीपर, टेप, अडीच फूट. टेम्पोने कॅमेऱ्यापासून जे झाकलं होतं ते मॅडमच्या टेपने दाखवलं. वाकलेल्या माणसाचा हात अडीच फुटांवर सहज पोहोचतो.

वकिलांनी मला दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २०१० चा निकाल समजावला होता. हल्ला होत असलेल्या माणसाने पायरी-पायरीने, गणिती अचूकतेने बचाव मोजून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय त्यात म्हणतं. मला त्याने धीर आला, हे कबूल करतो. पण ही सवलत सामान्य माणसाइतकीच आपल्याला आहे असं पोलिसाने गृहीत धरू नये, हे माझं मत. सामान्य माणसाला उस्ताद मिळालेला नसतो. मला नऊ महिने सरकारने लाठी शिकवली, ती थांबवायची कुठे यासकट.

जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष आला. तिन्ही फटके प्रसंगानुरूप, आरोप शाबीत होत नाही, चौकशी दप्तरी दाखल, म्हणजे बंद. पण कंट्रोलला न कळवता बोळात शिरल्याबद्दल आणि सोबतच्या कर्मचाऱ्याला हेल्मेटशिवाय पुढे जाऊ दिल्याबद्दल सक्त ताकीद. पत्र घेताना लेखनिक म्हणाला, अपील करा मेजर, निघून जाईल. मी केलं नाही. त्या कागदावरचं एकही वाक्य खोटं नव्हतं. आम्ही चौघं गेलो असतो, पोराच्या डोक्यावर हेल्मेट असतं, तर कदाचित लाठी उचलायचीच वेळ आली नसती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात मार बसला आणि आठ दिवसांनी ते गेले. त्यांच्याबद्दल आम्ही दर वर्षी बोलतो, पण ड्यूटीला निघताना हेल्मेटचा पट्टा लावला का, हे एकमेकांना विचारत नाही. मी आता विचारतो. पोरं कंटाळतात.

मॅडमची बदली झाली तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. आभार मानायचे होते, नीट जमलं नाही. त्या म्हणाल्या, "अंतर मी तुमच्यासाठी घेतलं नव्हतं. अंतर नेहमीच घ्यायचं असतं."

पोरगा मार्चमध्ये कामावर हजर झाला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत. सध्या तो ठाणे अंमलदाराच्या हाताखाली स्टेशन डायरी बघतो आणि रात्रगस्त मागतो. आरोपी जामिनावर आहे. त्याच्या हाताचं दुसरं ऑपरेशन झालं, असं आईने कोर्टाच्या आवारात सांगितलं. आता ब्रश धरतो, डोक्याच्या वर हात जात नाही. दोषारोपपत्रात माझा साक्षीदार क्रमांक एक आहे. कोयता आणि ती उजव्या पायाची निळी स्लीपर मुद्देमाल कक्षात एकाच कप्प्यात सीलबंद आहेत.