जबाब घेण्याआधी

मंगळवार, रात्री

उद्याच्या वर्गाचा आराखडा चाळला. ‘संस्कृतीची ओळख’ म्हणून अर्धा दिवस आणि जबाब कसा घ्यावा याला शेवटची काही मिनिटं. उलट हवं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांशी गाठ पडणाऱ्या पोलिसाला त्यांच्या चित्रांतल्या ठिपक्यांचा अर्थ नाही कळला तरी चालेल, प्रश्न कसा विचारायचा ते कळायलाच हवं.

नियम नवे नाहीत. १९७६ साली ऑस्ट्रेलियातल्याच नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी अनुंगा खटल्यात ते घालून दिले: इंग्रजी सफाईने येत नसेल तर दुभाषा, सोबत आरोपीच्या विश्वासातला माणूस, थकलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाची चौकशी नाही, आणि कबुली मिळाली तरी इतर पुराव्याचा शोध चालूच.

सगळ्यात जास्त सराव हवा तो गप्प राहण्याच्या हक्काची समज देण्याचा. ‘कळलं ना?’ ‘हो.’ या ‘हो’ला काडीची किंमत नाही. वाक्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. ‘विचारलं की बोलावंच लागतं’ असं उत्तर आलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

समोरच्या वर्दीची भीती, न कळल्याचा संकोच, लवकर सुटायची घाई. यातून माणूस प्रत्येक प्रश्नाला होकार देत सुटतो. ओळखायचं कसं? ‘तू तिथे होतास ना?’ विचारावं आणि थोड्या वेळाने ‘तू तिथे नव्हतास ना?’ दोन्हीला ‘हो’ आलं, की चौकशी थांबवून दुभाषा बोलवायचा. नकारार्थी प्रश्न इतर वेळी टाळलेलेच बरे. (आपणही ‘गेला नाहीस ना?’ला ‘हो, नाही गेलो’ म्हणतोच की. कागदावर नुसतं ‘हो’ उतरलं तर?) किती वाजता, किती जण, असं विचारण्यापेक्षा ‘तेव्हा काय चाललं होतं, कोण कोण होतं’ विचारावं. मध्ये शांतता पसरली तर पसरू द्यावी. दुसरा प्रश्न टाकून ती बुजवू नये. लहानपणापासूनच्या कानाच्या संसर्गाने ऐकू कमी येणारेही बरेच असतात, आणि त्यांची शांतता हटवादीपणा समजली जाते. समोरासमोर बसावं, पंखा बंद करावा.

दुभाषा मागवताना ‘अ‍ॅबोरिजिनल दुभाषा’ लिहून भागत नाही. भाषेचं नाव हवं. शिवाय काही नात्यांत, उदाहरणार्थ सासू-जावयात, एकमेकांशी थेट बोलणंच वर्ज्य असतं, म्हणून दुभाषाचं आरोपीशी नातं काय हे आधीच विचारावं. मृताचं नाव सरसकट घेऊ नये. कसा उल्लेख करायचा ते घरच्यांना विचारावं.

अ‍ॅबोरिजिनल आरोपींसाठीच्या खास कोर्टांबद्दल एक गैरसमज दरवेळी निघतो: तिथे ज्येष्ठच शिक्षा ठरवतात. १९९९ साली पोर्ट अ‍ॅडलेडला नुंगा कोर्ट सुरू झालं, २००२ साली शेपर्टनला कूरी कोर्ट. तिथे समाजातले ज्येष्ठ आरोपीशी बोलतात, मॅजिस्ट्रेटला सल्ला देतात. शिक्षा मात्र मॅजिस्ट्रेटच ठरवतो. गुन्हा कबूल असेल तरच प्रकरण तिथे जातं. शिक्षेआधीच्या अहवालासाठी बगमी खटल्यातला २०१३ चा हायकोर्टाचा निकाल वाचायला द्यायचा: बालपणीच्या भीषण हलाखीचा परिणाम काळाबरोबर ओसरत नाही, वारंवार गुन्हे केले म्हणूनही नाही. हायकोर्ट म्हणजे तिथलं सर्वोच्च न्यायालय.

ज्येष्ठांना शिकवायला बोलवायचं तर त्याच भागातले हवेत, आणि मानधन देऊन. वर्गानंतर काही महिन्यांनी प्रत्येकाच्या प्रत्यक्ष जबाबाचं रेकॉर्डिंग मागवायचं, समज दिल्याचा भाग तेवढा ऐकायचा. आराखड्यात याची ओळच नाही. उद्या आधी ती घालायची.