सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे

कुर्ला पश्चिमेला ‘सीएसटी रोड’ ही पाटी वाचली की बहुतेकांना बोरीबंदरचं स्टेशन आठवतं. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो. खरं तर ही तीन अक्षरं एका मेलेल्या रेल्वेची आहेत: सेंट्रल साल्सेट ट्रामवे. ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यावरून अंधेरीला जाणारी, १३ किलोमीटरची. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ती १९२८ साली सुरू केली आणि १९३४ साली ती बंदही पडली.

हे मी लेकीला मे महिन्यात सांगितलं होतं, इंग्लंडात, तिच्या ब्रिस्टलमध्ये. दहा दिवस राहिलो तिच्याकडे, त्यातला मनात राहिला तो एकच दिवस, ब्रिस्टल ते बाथ सायकलवाटेचा. तीही मूळची रेल्वेच. १९६६ साली प्रवासी गाड्या थांबल्या, पुढे १९७९ ते १९८६ या काळात रुळांच्या जागी २१ किलोमीटरची वाट झाली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून वाट जवळजवळ सपाट, माझ्या गुडघ्यांना मानवणारी. स्टेपल हिलचा बोगदा साधारण ४७० मीटरचा. आत गारवा होता, छतातून ठिबकलेला एक थेंब मानेवर पडला. समोरून एक आई चार-पाच वर्षांच्या पोरीला सायकल शिकवत येत होती. बोगद्यात! पोर डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती आणि मागून कोणी हॉर्न मारत नव्हतं. मी सायकलवरून उतरून भिंतीला टेकलो. मला भरून आलं होतं.

डिसेंबरात लेक घरी आली आणि म्हणाली, “बाबा, आता तुझी रेल्वे दाखव.”

रविवारी पहाटे पावणेसहाला चेंबूरहून निघालो. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या पुलावरून रूळ ओलांडले आणि सीएसटी रोडला लागलो. गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं अजून बंद होती, शटरांपुढे कुत्री झोपलेली. रस्ता इतका मोकळा की पाच मिनिटं मला खरंच वाटलं, इथे गाडी धावत असेल. तेवढ्यात लेकीच्या मागच्या चाकातून फुस्स झालं.

पंक्चरवाला सापडायला अर्धा तास गेला. टपरी नुकतीच उघडत होता. ट्यूब काढून त्याने घमेल्यातल्या काळपट पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे अंगठा दाबून धरला. मग टायरच्या आतून बोट फिरवून, चिमट्याने एक लोखंडी कीस बाहेर काढला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला. नखाएवढा, स्प्रिंगसारखा वळलेला, अजून तेलकट.

“कडेनं नका जाऊ,” तो म्हणाला. “रात्री दुकानं झाडतात ना, सगळा कीस कडेला लोटतात. मधून चालवा.”

“आणि मधून बस आली तर?”

“मग कडेला व्हा.”

अगदी मायेने सांगितलं त्याने. साठ रुपये घेतले, हवा दोन्ही चाकांत भरून दिली, वर पाणीही विचारलं. पण ते वाक्य मला दिवसभर छळत राहिलं. कडेला कीस आणि मधे बस, तर सायकलवाल्याने जायचं कुठून? एके काळी इथे रेल्वेसाठी सलग १३ किलोमीटर जागा होती. त्यातली दोन हात रुंदीची पट्टी जरी राखली असती, तर माझी मुलगी या शहरातच सायकल शिकली असती. ती शिकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गोल गोल फिरत.

पुढे विद्यापीठाचं आवार, मग कलिना, म्हणजे जुनं कोले-कल्याण. तिथून गल्ल्यांतून वळत वळत विमानतळाच्या भिंतीपाशी पोचलो. तिथे वाट संपते. अंधेरी भिंतीपल्याड, मधे धावपट्टी. एक विमान उठलं आणि आमचं बोलणंच बुडालं. लेक त्या भिंतीकडे बघत बराच वेळ उभी होती. तो कीस तिने टाकला नव्हता, मुठीतच होता.

परतताना आठ वाजून गेले होते, बस सुरू झाल्या होत्या. लेक पुढे आणि मी तिच्या मागे, थोडा उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी मी दिसावा. पुलापर्यंत तसेच आलो.